कागदाला भिणारं घर

जून उजाडला की राजूरमध्ये खोली शोधणारी माणसं दिसू लागतात. बदलीवर आलेले गुरुजी, आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात नव्याने रुजू झालेला कर्मचारी, दवाखान्यातल्या सिस्टर, वसतिगृहात नंबर न लागलेली आणि डोंगरापल्याडच्या वाडीतून कॉलेजसाठी आलेली मुलं. अकोले तालुक्याच्या पश्चिमेला, कोल्हार–घोटी रस्त्यावरचं हे गाव. इथे नगरपालिका नाही, ग्रामपंचायतच आहे. पण आजूबाजूच्या आदिवासी खेड्यांचा बाजार, शाळा, कचेरी सगळं इथेच असल्यामुळे भाड्याच्या घराची गरज मात्र शहरासारखी. चौकशी किराणा दुकानात होते आणि व्यवहार मालकाच्या ओट्यावर ठरतो. ‘कुठले तुम्ही? माणसं किती? पाणी सकाळी भरून ठेवावं लागेल, चालेल ना?’ भाडं ठरतं, डिपॉझिट ठरतं, लाइट बिलाचं ठरतं. भाडेकरूने कागदाचा विषय काढलाच, तर उत्तर बहुतेक वेळा तयार असतं : ‘कागद कशाला? शब्द दिलाय ना!’

या उत्तरात माणुसकी आहेच. पण भीतीही आहे. कागद केला म्हणजे भाडेकरूचं नाव घराला लागलं, आणि नाव लागलं म्हणजे घर गेलं, अशी ती भीती. कायदा नेमकं उलटं सांगतो, आणि ते उलटं काय आहे हे घर भाड्याने देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला दोघांनाही माहीत असावं असं मला फार मनापासून वाटतं.

ही भीती उगाच आलेली नाही. या मुलखात कागदाने माणसाचं नुकसान केल्याचा इतिहास आहे. शेजारच्या देवगावच्या राघोजी भांगरे यांनी ज्या सावकारशाहीविरुद्ध बंड केलं, तिचं हत्यार कागद हेच होतं. अंगठा उठवून घेतलेलं खत आणि त्या खतावर गेलेली जमीन. राघोजींना १८४८ मध्ये ठाण्याला फाशी झाली. पुढे १८७५ मध्ये पुणे आणि नगर जिल्ह्यांत शेतकरी उठले, तेव्हा त्यांनी सावकारांच्या घरात शिरून आधी काय शोधलं असेल, तर खतं आणि रोखे. ती त्यांनी रस्त्यावर आणून जाळली. ज्यांच्या पणज्याने कागदापायी जमीन गमावली, त्यांच्या घरात कागदाबद्दल संशय राहणारच.

दुसरी भीती अलीकडची, आणि ती बरोबर दुसऱ्या बाजूची. १९४८ चा कूळकायदा आला, १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला आणि त्या दिवशी जमीन कसणारं कूळ कायद्याने जमिनीचं मालक मानलं गेलं. कसणाऱ्याला न्याय देणारा तो फार मोठा निर्णय होता. पण ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्या घरात एक वाक्य कायमचं राहिलं : ‘कूळ लागतं.’ सातबाऱ्याच्या पीकपाहणीत दुसऱ्याचं नाव दिसलं की काळजात धस्स होणं, हे तेव्हापासूनचं. हीच धास्ती पुढे शेताच्या बांधावरून घराच्या उंबऱ्यापर्यंत आली. राहायला दिलेल्या घराला कूळकायद्याने कूळ लागत नाही. तो कायदा शेतजमिनीचा. घरभाड्याचा कायदा वेगळा, त्याची तत्त्वं वेगळी. तरीही आज खेड्यात भाडेकरूला रेशनकार्डावर पत्ता घालू द्यायला मालक कचरतो, तो या जुन्या धास्तीपोटी.

याच धास्तीची एक बहीण आहे : ‘बारा वर्षं राहिला की घर त्याचं.’ मुदतीच्या कायद्यात बारा वर्षांची गोष्ट आहे, हे खरं. पण ती मालकाचा हक्क उघड धुडकावून, स्वतःला मालक समजून ताबा ठेवणाऱ्यासाठी आहे. भाडेकरू मालकाच्या परवानगीने राहतो, दरमहा भाडं देऊन तो मालकी कबूलच करत असतो. भाडेकरू म्हणून राहत असताना त्याला मालकाचा हक्क नाकारता येत नाही, असं पुराव्याचा कायदा स्वच्छ सांगतो. म्हणजे वर्षं मोजण्यात अर्थ नाही. तो भाडेकरू म्हणूनच आला होता हे दाखवता आलं पाहिजे. ते दाखवणार कशाने? कागदानेच. दर महिन्याच्या पावतीने, नोंदवलेल्या कराराने. तोंडी व्यवहार करणारा मालक आपल्या बाजूचा पुरावा आपल्याच हाताने टाकून देतो.

आता कायद्याकडे येऊ. मुंबई इलाख्यात घरभाड्यावर पहिलं नियंत्रण आलं ते पहिल्या महायुद्धात, १९१८ मध्ये. युद्धाने महागाई वाढली, शहरात माणसं लोटली, मालक भाडी वाढवू लागले. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा तेच. स्वातंत्र्याच्या वर्षी, १९४७ मध्ये, मुंबईचा प्रसिद्ध भाडेनियंत्रण कायदा झाला. त्याने ढोबळमानाने १ सप्टेंबर १९४० चं भाडं हे ‘प्रमाण भाडं’ धरलं. ती रक्कम पुढे पन्नास वर्षं जवळपास तिथेच थांबली. मुंबईतल्या चाळी पडायला आल्या तरी भाडं काही रुपयांच्या पुढे जाईना, आणि मालक दुरुस्ती करीना. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सांगितलं की, गोठवलेल्या भाड्याची ही तरतूद आता समर्थनीय राहिलेली नाही. त्यानंतर आला महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९. तो ३१ मार्च २००० पासून अमलात आला आणि मुंबई, विदर्भ, मराठवाडा या तीन भागांतले तीन वेगळे कायदे त्याने एका छत्राखाली आणले.

या कायद्याबद्दल एक गोष्ट खेड्यात राहणाऱ्याने आधी समजून घ्यावी. तो महाराष्ट्रातल्या प्रत्येक गावातल्या प्रत्येक घराला आपोआप लागत नाही. कायद्याच्या परिशिष्टांत नाव असलेल्या, जुन्या तीन कायद्यांखाली आधीपासून असलेल्या, किंवा सरकारने अधिसूचना काढून आणलेल्या क्षेत्रांना तो लागतो. त्याच्या बाहेर राहिलेल्या गावात मालक-भाडेकरूचं नातं चालतं ते १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यावर. म्हणून अकोल्याच्या दुय्यम निबंधक कार्यालयात गेल्यावर पहिला प्रश्न हाच विचारावा, की आपलं गाव कोणत्या कायद्याखाली येतं.

फरक मोठा आहे. १८८२ चा कायदा बराचसा कराराचा कायदा आहे : दोघांनी जे ठरवलं ते, आणि ठरवलं नसेल तिथे कायद्याने सांगितलं ते. महिन्याच्या भाड्यावर दिलेलं घर रिकामं करून घ्यायचं तर १५ दिवसांची नोटीस पुरते. वर्षाच्या वर मुदतीचा भाडेपट्टा मात्र नोंदवावाच लागतो. १९९९ चा कायदा भाडेकरूच्या पाठीशी अधिक ठामपणे उभा राहतो. भाडं भरायला तो तयार असेल तोवर त्याला काढता येत नाही. काढायचं तर मालकाला स्वतःच्या खऱ्या गरजेसारखं, किंवा परस्पर दुसऱ्याला घर दिल्यासारखं, कायद्यात दिलेलं कारण कोर्टात सिद्ध करावं लागतं. थकलेल्या भाड्यासाठीसुद्धा आधी लेखी मागणी आणि मग ९० दिवसांची वाट. भाडं दर वर्षी ४ टक्क्यांनी वाढवता येतं. भाडेकरू वारला तर त्याच्यासोबत तिथे राहणाऱ्या घरच्या माणसाकडे तो हक्क जातो.

आणि या कायद्यात कलम ५५ आहे. माझ्या मते घर भाड्याने देणाऱ्या प्रत्येकाने एवढं एक कलम तरी समजून घ्यावं. भाड्याचा करार, मग तो भाडेपट्टा असो की लिव्ह अँड लायसन्स, लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची. ती केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण त्याहून महत्त्वाचं पुढे आहे. असा नोंदवलेला कागद नसेल आणि वाद झाला, तर मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत भाडेकरू ज्या अटी सांगेल त्या धरल्या जातात. भाडं किती, मुदत किती, घर कशासाठी दिलं, या सगळ्यात त्याचा शब्द पुढे. म्हणजे ‘कागद कशाला?’ म्हणणारा मालक शब्दावर विश्वास ठेवतो खरा, पण कोर्टात तो शब्द त्याचा राहत नाही.

मग अकरा महिने कुठून आले? भाडेपट्टा वर्षापेक्षा मोठा असेल तर नोंदणी सक्तीची, म्हणून एक महिना कमी करून ती टाळायची, ही जुनी पद्धत. तिचा आकडा टिकला, कारण मात्र उरलं नाही. १९९९ चा कायदा जिथे लागतो तिथे अकरा महिन्यांचा करारही नोंदवावाच लागतो. आज बहुतेक करार ‘लिव्ह अँड लायसन्स’चे असतात. भाडेपट्ट्यात घर वापरण्याचा हक्कच दुसऱ्याकडे जातो. लायसन्समध्ये हक्क मालकाकडेच राहतो आणि दुसऱ्याला तिथे राहण्याची फक्त परवानगी मिळते. पाहुण्याला ‘राहा’ म्हणावं तशी, पण पैसे घेऊन आणि मुदत ठरवून. मुदत संपली की परवानगी संपली. १९९९ च्या कायद्याखाली अशा मालकाला नेहमीचा लांबलचक दावा लावावा लागत नाही. तो सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करतो, आणि मुदतीनंतर अडून राहिलेल्याला ठरल्या रकमेच्या दुप्पट भरपाई द्यावी लागू शकते.

खर्च किती येतो, हे एकदा हिशेबाने पाहू, कारण खेड्यात ‘वकील, स्टॅम्प, चकरा’ या शब्दांनीच माणूस मागे फिरतो. समजा भाडं महिना ४,००० रुपये, मुदत ११ महिने, परत करायचं डिपॉझिट १५,०००. अकरा महिन्यांचं भाडं झालं ४४,०००. डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांप्रमाणे व्याज धरतात, ते अकरा महिन्यांचं १,३७५. बेरीज ४५,३७५. मुद्रांक शुल्क त्याच्या पाव टक्का, म्हणजे साधारण ११३ रुपये. नोंदणीचं शुल्क ग्रामीण भागात ५००. वर हाताळणीचा आणि करून देणाऱ्याचा खर्च. आधारवर अंगठा लावून हे काम आता ऑनलाइनही होतं. घराला रंग द्यायच्या खर्चापुढे ही रक्कम काहीच नाही.

मालकाने काय करू नये, हेही सांगायला हवं. भाडेकरूने घर सोडावं म्हणून नळ बंद करणं, वीज तोडणं, संडासाला कुलूप लावणं. जिथे १९९९ चा कायदा आहे तिथे हा गुन्हा आहे, आणि जिथे नाही तिथेही राहणाऱ्याला त्याच्या मुदतीत निर्धास्त राहू देणं हे मालकाचं कर्तव्यच आहे. भाड्याची पावती देणंही त्या कायद्याने सक्तीचं केलं आहे. पावतीवर एक सही करायला मालक का घाबरतो, याचं उत्तर वर आलंच आहे.

राजूरच्या पावसात एक प्रश्न मात्र दर वर्षी हमखास उठतो : शाकारणी कुणी करायची? या डोंगरपट्ट्यातला पाऊस आडवातिडवा येतो. मेमध्ये कौलं उतरवून, फुटलेली बदलून, पुन्हा बसवली नाहीत तर जूनच्या दुसऱ्या आठवड्यात घरात पातेली मांडावी लागतात. कौलारू घर भाड्याने असेल तर मालक म्हणतो ‘राहता तुम्ही’ आणि भाडेकरू म्हणतो ‘घर तुमचं’. वेगळं ठरलं नसेल तर १९९९ चा कायदा दुरुस्ती मालकावर टाकतो. लेखी नोटीस देऊन १५ दिवसांत मालक हलला नाही तर भाडेकरूने ती करून घ्यावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा, पण एका वर्षात त्या वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंतच. १८८२ च्या कायद्यात हे बऱ्याच अंशी दोघांच्या ठरवण्यावर आहे. म्हणून छापील नमुन्यातल्या ‘किरकोळ दुरुस्ती’ या गोल शब्दावर न थांबता करारात शाकारणी हा शब्द लिहावा, आणि ती मेअखेर कोण करील हेही लिहावं.

ग्रामपंचायतीच्या दप्तरात या व्यवहाराची एक बारीकशी खूण असते. घरपट्टीच्या आकारणीचा जो नमुना ८, त्यात मालकाचं नाव आणि भोगवटादाराचं नाव अशा दोन जागा असतात. या दुसऱ्या जागेत आपल्याशिवाय कुणाचं नाव यायला नको म्हणून मालक जपतात. पण नमुना ८ हा कर कुणाकडून घ्यायचा याची नोंद ठेवणारा कागद आहे, त्याने मालकी ठरत नाही. रेशनकार्डाचंही तेच, मतदारयादीचंही तेच. भाड्याने राहणाऱ्या कुटुंबाला पत्त्याचा पुरावा नाकारला तर त्याच्या मुलाचे दाखले अडतात, धान्य अडतं. घराच्या हक्काला मात्र त्याने धक्का लागत नाही.

गुरुजींच्या बाबतीत तर घरभाडं हा गावाचाच विषय झाला आहे. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांनी, ग्रामसेवकांनी, आरोग्य कर्मचाऱ्यांनी मुख्यालयी राहावं, आणि ते राहतात याचा ग्रामसभेने ठराव द्यावा, असा शासन निर्णय २०१९ मध्ये आला. त्यावर घरभाडे भत्ता अवलंबून. अट योग्य की अयोग्य यावर दोन्ही बाजूंनी बोलण्यासारखं खूप आहे. पण गावात राहण्याजोगं भाड्याचं घर आहे का, हा प्रश्न त्या चर्चेत फार कमी वेळा येतो.

इथे घरासारखीच जमीनही भाड्याने मागितली जाते, म्हणून तिच्याबद्दलही बोलायला हवं. अकोल्याचा पश्चिम पट्टा अनुसूचित क्षेत्रात येतो. महादेव कोळी आणि ठाकर समाजाची गावं. इथे जमिनीबाबत आणखी एक भक्कम कुंपण आहे : महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम ३६-अ, १९७४ पासूनचं. आदिवासीच्या नावावरची जमीन बिगरआदिवासीला परवानगीशिवाय विकता येत नाही, बक्षीस देता येत नाही, गहाण टाकता येत नाही, आणि भाडेपट्ट्यानेही देता येत नाही. पाच वर्षांपर्यंतच्या भाडेपट्ट्याला किंवा गहाणाला जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. बाकी सगळ्याला त्यावर राज्य सरकारची मान्यताही. कायदा मोडून गेलेली जमीन परत देण्यासाठीही त्याच काळात स्वतंत्र कायदा झाला. भंडारदऱ्याच्या पाण्याकाठी, रंधा धबधब्याच्या वाटेवर ‘जागा लांब मुदतीने भाड्याने द्या, आम्ही रिसॉर्ट बांधतो’ असं कुणी सांगत आला, तर हे कुंपण आठवावं. राघोजींच्या काळातलं खत आणि आजचा तीस वर्षांचा भाडेपट्टा यांत जमीन हातातून जाण्याची रीत फार वेगळी नाही. आपल्या घरात पाहुणे उतरवायला मात्र हे कुंपण आडवं येत नाही. घरही आपलं आणि जमीनही आपलीच राहते.

मे-जूनमध्ये काजवे बघायला आणि पावसाळ्यात धबधब्यांसाठी येणाऱ्यांमुळे अशी घरं वाढली आहेत. रात्रीपुरतं दिलेलं घर हा भाड्याचा तिसराच प्रकार, आणि जगभर अनेक शहरांनी त्यावर कडक नियम केलेत. न्यूयॉर्कने २०२३ पासून तीस दिवसांहून कमी मुदतीसाठी घर द्यायचं तर यजमानाने त्याच घरात राहायला हवं आणि पाहुणे दोनच, असा नियम लावला. आपल्याकडे केंद्राच्या ‘अतुल्य भारत’ न्याहारी-निवास योजनेतही मालकाचं कुटुंब तिथे राहत असलं पाहिजे आणि खोल्या सहापर्यंतच, अशी अट आहे. कुटुंब घरात असलं की ते पाहुण्यांचं घर राहतं, नाहीतर नाव नसलेलं हॉटेल होतं. परदेशी पाहुणा असेल तर त्याची माहिती २४ तासांत ऑनलाइन कळवावी लागते. एरवीच्या भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्यावी, असे आदेश ठिकठिकाणी निघतात. तो आदेश असेल तर मालकाने तो पाळावा.

अमेरिकेतल्या शहरांत मात्र एकेका कुटुंबासाठी बांधलेलं साधं घर महिन्याच्या भाड्याने द्यायलाही परवाना लागू शकतो. मिनियापोलिसमध्ये असा परवाना लागतो. शहराचा माणूस येऊन घर तपासतो. धूर झाल्यावर वाजणारी घंटा आहे का, खिडकीतून बाहेर पडता येतं का, थंडीत घर गरम राहतं का. आपला कायदा मालक आणि भाडेकरू या दोन माणसांकडे बघतो. घराकडे कुणी बघत नाही. कॉलेजच्या चार मुलांना दिलेल्या पत्र्याच्या खोलीत खिडकी आहे की नाही, उघडी वायर लोंबते आहे की नाही, हे तपासणारं आपल्याकडे कुणी नाही. मला ही फार मोठी उणीव वाटते. ग्रामपंचायतीने घरपट्टीच्या आकारणीला जाताना एवढं पाहिलं तरी पुष्कळ होईल.

पण त्यांच्या नियमांची दुसरी बाजूही आहे. तिथल्या अनेक गावांनी ‘एका कुटुंबाचं घर’ यातल्या कुटुंबाचीच व्याख्या केली. न्यूयॉर्कजवळच्या बेल टेर या सुमारे २२० घरांच्या खेड्याने नियम केला, की नातं नसलेली दोनपेक्षा जास्त माणसं एका घरात राहू शकणार नाहीत. एका मालकाने आपलं घर जवळच्या विद्यापीठाच्या सहा विद्यार्थ्यांना दिलं, वाद तिथल्या सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि १९७४ मध्ये गाव जिंकलं. ईस्ट क्लीव्हलंड शहराने तर ही व्याख्या आणखी आवळली होती. आयनेझ मूर ही आजी दोन नातवंडांसोबत राहत होती. ती नातवंडं एकमेकांची सख्खी भावंडं नव्हती, चुलतभाऊ होते, म्हणून आजीला दंड आणि पाच दिवसांची कैद. १९७७ मध्ये न्यायालयाने तो नियम रद्द केला. राजूरमध्ये ही गोष्ट कुणाला सांगितली तर विश्वास बसणार नाही. इथे शिकायला आलेला चुलत्याचा पोरगा हा घरचाच.

तरी ओट्यावरच्या त्या पहिल्या प्रश्नात, ‘माणसं किती?’ यात, बेल टेरचा थोडा अंश आहेच. चार मुलं म्हटली की मालक बिचकतो, नवरा-बायको म्हटली की होकार देतो. जात विचारणारेही आहेत, आणि त्यावर भाड्याच्या कोणत्याही करारात उपाय लिहिता येत नाही.

जे लिहिता येतं ते मात्र लिहावं. भाडं आणि ते कोणत्या तारखेला. मुदत, आणि मुदतीआधी सोडायचं तर किती दिवसांची सूचना. घरपट्टी आणि पाणीपट्टी कुणाकडे. शाकारणी कोण करणार. राहणाऱ्यांची नावं. ताबा घेताना आणि देताना मीटरचा आकडा. डिपॉझिट किती, आणि घर रिकामं केल्यावर ते किती दिवसांत परत, कारण मेमध्ये गुरुजींची पुन्हा बदली होते, सामान टेम्पोत चढतं, आणि चावी हातात घेतल्यावर ‘पुढच्या महिन्यात बघू’ असं उत्तर मिळालं तर पुढच्या गावी नव्या घराचं डिपॉझिट भरायला त्यांच्याकडे तेवढेच पैसे असतात.